पावाला चव उरली ते वर्ष

देणाऱ्याचे मन शुद्ध असले म्हणजे त्याचे दान निर्दोष होतेच असे नाही. ओंजळ लहान असेल आणि वरून घागर उपडी केली, तर पाणी हातात राहत नाही. तहानलेला तहानलेलाच राहतो आणि वर ओलाही होतो. घागरीला मात्र वाटत असते की आपण पुष्कळ दिले. मित्रांनो, असा दोष एकदा माझ्या हातून घडला. तो सांगताना आज मला संकोच वाटत नाही, कारण ज्यांना त्याची झळ लागली त्यांनीच मला पुढे सांभाळले.

मी एक जुना पत्र्याचा तारा आहे. आकाल्को गावाच्या चौकात, चर्चच्या घंटाघरापासून बाजाराच्या छपरापर्यंत ताणलेल्या पोलादी दोराला मी टांगलेला असतो. मला आठ टोके आहेत आणि उंची दोन पुरुष भरेल एवढी आहे. माझ्या अंगावर झेंडूच्या पाकळ्यांच्या आकाराची छिद्रे आहेत. पूर्वी ती तीन हजारांहून अधिक होती, आता पुष्कळ कमी आहेत. ती कमी का झाली, हीच माझ्या आयुष्याची गोष्ट आहे.

माझा जन्म नबोरमामांच्या पडवीत झाला. नबोरमामा गावातले पत्र्याचे वृद्ध कारागीर. कंदील, दुधाची मापे, देवाच्या तसबिरींच्या चौकटी हे सगळे त्यांच्याच हातचे. त्यांची भाची युफ्रासिया राजधानीत एका नाट्यगृहाच्या दिव्यांचे काम पाही. त्या वर्षीच्या वसंतात तिची आई वारली आणि ती गावी परतली ती एक संकल्प घेऊनच. आपल्या आईला, आणि आईबरोबर साऱ्या गावाच्या पितरांना घरची वाट दाखवील असा एक मोठा दिवा चौकात उभारायचा. पितरांच्या उत्सवाचे यजमान ओदिलोन यांना ही कल्पना फार आवडली. दूरदूरचे लोक आपल्या गावाचा दिवा पाहायला येतील, असे त्यांनी सर्वांना सांगून टाकले.

नबोरमामा लाकडी ओंडक्यावर पत्रा ठेवीत आणि छिन्नीने एकेक पाकळी उमटवीत. युफ्रासिया शेजारी उभी राहून मोजत असे.

"मामा, या टोकावर अजून शंभर हवीत."

"शंभर? तारा करायचाय की चाळणी?"

"लांबून दिसला पाहिजे. पलीकडच्या गावातून."

"पलीकडच्या गावच्या मेलेल्यांना त्यांचे तारे आहेत की, बाई! आपण आपल्या गिऱ्हाइकांपुरतं बघावं."

"तुम्ही पाडताय, की मी पाडू?"

"पाडतो, पाडतो. तुझी आईही अशीच होती. तिच्यापुढं छिन्नीसुद्धा तोंड वर करत नव्हती."

असे म्हणून ते पुन्हा हातोडी उचलीत. बहिणीचे नाव निघाले की त्यांचा घाव थोडा हळुवार पडे. माझ्या पत्र्यावर तो फरक आजही दिसतो.

आमच्या गावात ऑक्टोबरच्या अखेरच्या संध्याकाळी लहान मुलांचे आत्मे घरी येतात, दुसऱ्या दिवशी मोठी माणसे येतात, आणि नोव्हेंबरच्या दोन तारखेच्या सांजेला सर्वजण निरोप घेतात. ते कालव्याच्या घाटावर उतरतात. तिथून प्रत्येकाला आपापले घर सापडावे म्हणून प्रत्येक दारावर बोरूच्या काड्यांचा, रंगीत कागदाचा एक छोटा तारा टांगलेला असतो आणि त्यात एक मेणबत्ती असते. प्रत्येक घराचा तारा वेगळा. कोणाचा हिरवा, कोणाचा पाच टोकांचा, कोणाला घुंगरू. नैवेद्य मांडलेला असतो, धूप जळत असतो. तीन तारखेला तो नैवेद्य घरची माणसे उचलून खातात, तेव्हा त्याला चव नसते. येणाऱ्याने त्यातले सत्त्व घेतलेले असते आणि मागे नुसता आकार उरतो. बेचव पाव हीच आमच्याकडे पाहुणा येऊन जेवून गेल्याची खूण.

चौकाच्या कोपऱ्यावर पेत्रोनिलाआजींचे घर होते. त्यांच्या दारावरच्या ताऱ्याला लाल कागदाची लांब शेपटी असे. त्यांची मुलगी सोलेदाद, लाडाने चोले, पाच वर्षांची असताना तापाने गेली. त्याला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. चोले जिवंत असताना मावशीच्या घरून संध्याकाळी एकटी परत येई आणि अंधाराला फार भीत असे. आईने तिला सांगून ठेवले होते, "लाल शेपटी दिसली की पळत सुटायचं. तिथं मी आहे." मेलेले मूल वाढत नाही, मित्रांनो. पाच वर्षांचे ते पाच वर्षांचेच राहते. म्हणून आजी दर वर्षी त्याच काड्यांच्या सांगाड्यावर नवा कागद चिकटवीत, दारापासून चौकापर्यंत पांढऱ्या पाकळ्या पसरीत आणि दूध, पाव व चिंधीची बाहुली मांडून बसत. अडतीस वर्षे तो पाव बेचवच निघाला होता.

अशा गावात त्या ऑक्टोबरच्या अखेरच्या संध्याकाळी मी पहिल्यांदा प्रज्वलित झालो. माझ्या पोटात बारा मोठे दिवे होते. ओदिलोन यांनी कळ दाबली आणि सारा चौक झेंडूच्या सोनेरी पाकळ्यांनी भरून गेला. भिंतींवर पाकळ्या, माणसांच्या कपाळांवर पाकळ्या, कालव्याच्या पाण्यावर पाकळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दूरच्या शहरांतून आलेली माणसे माझी छायाचित्रे काढू लागली. मी सुखावलो. खाली मला पेत्रोनिलाआजी दिसल्या. त्यांनी आपला लहान तारा काठीच्या टोकाला बांधून उंच धरला होता आणि त्या तो डावीकडे-उजवीकडे हलवीत होत्या. मध्येच तो खाली घेऊन त्यांनी त्यात दुसरी मेणबत्ती लावली आणि पुन्हा उंच धरला. मला वाटले, म्हातारी मला अभिवादन करते आहे.

तीन तारखेच्या सकाळी त्या हातात पाव घेऊन चौक ओलांडताना मी त्यांना पुन्हा पाहिले. त्या रुतिलोच्या भट्टीवर गेल्या. रुतिलो हा गावचा पाववाला. भट्टी माझ्या खालीच असल्याने प्रत्येक शब्द मला ऐकू आला.

"रुतिलो, हा पाव खाऊन बघ."

"काय झालं, आजी? कच्चा राहिला का?"

"गोड आहे."

"मग?"

"गोड आहे रे! बडीशेपेचा वास येतोय. लोणी लागतंय जिभेला."

"लोणी घातलंय तर लागणारच की! माझ्या पावाला चव आहे हा गुन्हा झाला का आता?"

"अडतीस वर्षं तुझा आणि तुझ्या बापाचा पाव तीन तारखेला भुशासारखा लागला, तेव्हा मी कधी तक्रार केली का?" आजींनी पाव भट्टीच्या ओट्यावर ठेवला. "ती आली नाही, रुतिलो. माझं लेकरू आलंच नाही."

भट्टीपुढच्या रांगेतली माणसे जवळ सरकली. मग एक बाई हळूच म्हणाली, "आमच्या मोलेच्या रश्श्यातलं तिखटही जसंच्या तसं होतं. मी म्हटलं, बोलू नये." दुसरी म्हणाली की तिच्या पानात उकडलेल्या तमाल्यांचे मीठ कमी झाले नव्हते. आउसेन्सियो नावाचा म्हातारा नावाडी घसा खाकरून म्हणाला, "माझ्या बापासाठी ठेवलेली दारूही तशीच कडक निघाली."

"किती तपासलीस?" रुतिलोने विचारले.

"खात्री पटेपर्यंत."

एरवी या उत्तरावर सारी रांग हसली असती. त्या दिवशी दोघेतिघेच हसले, आणि मग सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिले.

त्याच संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर गाव जमले. ओदिलोन म्हणाले, "एवढी माणसं आली, एवढं नाव झालं. पावाच्या चवीवरून उत्सव ठरवायचा का?"

"उत्सव कोणासाठी आहे रे?" आउसेन्सियोने विचारले. "आले ते कॅमेरेवाले. ज्यांना बोलावलं ते घाटावरच बसून राहिले. मी होडीवाला माणूस, मला विचार. लांबून बघितलं तर सगळं गाव म्हणजे एकच ढणढणाट."

"उतरवा तो तारा," कोणीतरी मागून ओरडले. "पत्रा चांगला आहे, बादल्या करा. बादल्या तरी कामाला येतील!"

युफ्रासिया खालच्या पायरीवर बसली होती. तिने बचाव केला नाही. ती उठून पेत्रोनिलाआजींपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, चोले कुठून येते, ते मला दाखवाल?"

आजींनी खांद्यावरची शाल सावरली. "दिवा लाव तुझा," त्या म्हणाल्या, "आणि चल."

मला पुन्हा प्रज्वलित करण्यात आले. दोघी घाटापर्यंत गेल्या आणि तिथून परत फिरल्या. मागोमाग सगळे गाव होते. चौकाच्या तोंडाशी आजी थांबल्या. "घर दिसतंय?"

"दिसतंय," युफ्रासिया म्हणाली.

"तुला दिसणारच. तू उंच आहेस आणि तुला घर ठाऊक आहे. खाली बस. ती एवढीच आहे."

आजींनी आपल्या कमरेशी हात धरून दाखवला. युफ्रासिया गुडघ्यांवर बसली. आजींनी तिचा खांदा दाबून तिला अजून थोडे खाली केले. त्या उंचीवरून तिने वर पाहिले. तिच्या डोळ्यांत माझी सारी छिद्रे चमकताना मला दिसत होती. ती डोळ्यांवर हात धरू लागली, मान वळवू लागली, पुन्हा पाहू लागली.

"मला घर सापडत नाही, आजी," ती म्हणाली, आणि तिला रडू आले. "माझी आईसुद्धा आली नसेल का हो?"

मित्रांनो, तोपर्यंत मी स्वतःला फक्त वरून खाली पाहिले होते. त्या सांजेला मी स्वतःला पहिल्यांदाच खालून वर, एका पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून पाहिले. आजींनी युफ्रासियाला उठवले आणि आपल्या शालीने तिचे तोंड पुसले. "तुझ्या आईला आवाजानं घर ओळखायची सवय होती," त्या म्हणाल्या. "तुम्हा मामा-भाचीचं भांडण घाटापर्यंत ऐकू येतं. ती आली असेल."

यावर लोक हसले, आणि बादल्यांचा विषय मागे पडला.

दुसऱ्या दिवशी मला उतरवून नबोरमामांच्या पडवीत ठेवले. तिथे माझे दहा महिने गेले. पहिले काही आठवडे मी फार खिन्न होतो. धूळ बसली, एका टोकाला गंज धरला. मग मामांच्या एका कोंबडीने माझ्या पोटात गवत जमवले आणि अंडी घातली. तिला माझ्या प्रकाशाचे काही कौतुक नव्हते. तिला हवा होता तो आडोसा, आणि तो माझ्याकडे होता. पिल्ले बाहेर पडली तेव्हा मामा युफ्रासियाला म्हणाले, "बघ, आता कुठं तारा कामाला लागला!" मला राग आला नाही. उलट बरे वाटले.

त्या दहा महिन्यांत युफ्रासिया घरोघर फिरली. दर घरी ती एकच प्रश्न विचारी. तुमचे माणूस कुठल्या वळणाने येते, आणि तिथून त्याला काय दिसले पाहिजे? कोणी म्हणे, आमच्या आजोबांना विहिरीचा कठडा दिसला की पुरे. कोणी म्हणे, आमचे जुळे भाऊ घुंगरांच्या आवाजावर येतात, त्यांना प्रकाश नकोच. हे सगळे ती एका वहीत लिहून घेई. मग मामांनी पत्र्याच्या लहान लहान पाकळ्या कापल्या आणि घरांकडे तोंड असलेल्या माझ्या प्रत्येक छिद्रावर डाख देऊन एकेक पाकळी बसवली. भोके पाडायला त्यांना एक उन्हाळा लागला होता, बुजवायला दोन ऋतू लागले. घाटाकडे आणि तिथल्या वाटेकडे पाहणारी छिद्रे तेवढी उघडी राहिली. बारा दिव्यांपैकी अकरा निघाले. उरलेल्या एकाला युफ्रासियाने नाट्यगृहात असते तशी, दिवा हळूहळू मंद करणारी कळ जोडली.

पुन्हा ऑक्टोबरची अखेरची संध्याकाळ आली. घंटा वाजली, तेव्हा मी जेमतेम निखाऱ्याएवढा उजळलो. माझा प्रकाश फक्त घाटाच्या पायऱ्यांवर आणि तिथून निघणाऱ्या वाटेवर पडला होता. मग एका दारावर तारा लागला. युफ्रासियाने कळ किंचित फिरवली आणि मी तेवढाच मंद झालो. दुसरा तारा लागला, तिसरा लागला. जसजशी दारे उजळत गेली तसतसा मी उतरत गेलो, आणि शेवटी कोपऱ्यावर लाल शेपटीचा तारा लागला तेव्हा मी पूर्ण विझलो.

तेव्हा मला गाव दिसले. वर्षभरापूर्वी मी इतका उजळ होतो की मला काहीच दिसले नव्हते. आता खाली गल्लीगल्लीत शेकडो तारे होते. हिरवे, निळे, वाकडे, डाव्या हाताने चिकटवलेले, आणि प्रत्येक ताऱ्याखाली कोणीतरी वाट पाहत बसले होते. वाऱ्याने लाल शेपटी हलली. पांढऱ्या पाकळ्यांवरून कोणी चालत गेले की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते पाहण्याचा अधिकार माझा नव्हता.

तीन तारखेला सकाळी रुतिलोच्या भट्टीपुढे उभे राहायला जागा नव्हती. पेत्रोनिलाआजी पाव घेऊन आल्या. त्यांनी तो घरी चाखला नव्हता. एकटीने चाखायचा धीर झाला नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावू लागल्या. रुतिलोने ॲप्रनला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"रुतिलो," आजी म्हणाल्या.

"बोला, आजी."

"माती आहे रे. निव्वळ माती!" आणि त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहू लागले. "इतका वाईट पाव मी जन्मात खाल्ला नाही. देव तुझं भलं करो."

"माझ्या पावाची एवढी स्तुती कोणी केली नव्हती," रुतिलो म्हणाला, आणि तोही रडू लागला.

आजींनी पाव सर्वांना वाटला. नबोरमामांनी आपला तुकडा बराच वेळ चघळला. एकदा आजींच्या तोंडाकडे पाहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "भुसा." त्यांना खरोखर कसा लागला, हे त्यांनी मला नंतरही कधी सांगितले नाही, आणि मीही ते जाणून घेण्याची इच्छा धरली नाही.

तेव्हापासून बरीच वर्षे लोटली. मला पाहायला आजही माणसे येतात. एवढा मोठा तारा विझतो कसा, हे पाहायला येतात, आणि विझल्यावर कोणी टाळ्या वाजवीत नाही. मला ते फार आवडते. पावसाळ्यानंतर गावच्या बाया मला लिंबाने घासतात आणि कोरड्या फडक्याने पुसतात. पत्र्याला ओल सोसत नाही.

नबोरमामा आता नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी येणाऱ्यांत आहेत. पेत्रोनिलाआजी एका ऑक्टोबरच्या मध्यावर गेल्या. आमच्याकडे असे मानतात की इतक्या उशिरा गेलेल्याला त्या वर्षी घरी येण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी नैवेद्य मांडत नाहीत. कोपऱ्यावरच्या घराला कुलूप लागले. रीतीप्रमाणे करायचे काहीच नव्हते. पण अखेरच्या संध्याकाळी युफ्रासिया कळीपाशी उभी असताना एकदम थांबली.

"काय झालं?" ओदिलोन यांनी विचारले. तेही आता काठी टेकीत चालत.

"आजी यायच्या नाहीत यंदा. पण चोले तर येणारच ना?"

ओदिलोन यांनी कुलूप लागलेल्या दाराकडे पाहिले आणि युफ्रासियापुढे हात केला. "आण ती कळ इकडं. मी फिरवतो. तू पळ."

तिने शेजाऱ्यांकडून किल्ली आणली, सांगाड्यावर लाल कागद लावला, दूध गरम केले, बाहुली मांडली आणि पांढऱ्या पाकळ्या पसरल्या. मग ती दाराच्या उंबऱ्यावर, आईने बसावे तशी बसून राहिली. त्या वर्षी गावातले सारे तारे लागले तरी ओदिलोन यांनी मला लगेच विझू दिले नाही. कोपऱ्यावरची मेणबत्ती उशिरा लागली, आणि तोवर मी घाटाची वाट निखाऱ्याएवढ्या उजेडात धरून ठेवली.

मित्रांनो, तुमच्या हाती मोठा दिवा आला तर तो जरूर लावा. पण एकदा खाली बसून, सर्वांत लहान डोळ्यांच्या उंचीवरून त्याच्याकडे पाहा. शेजारची लहान ज्योत त्यात बुडत असेल, तर आपली वात खाली करा. आणि ज्या वस्तूंनी तुमची सेवा केली त्यांना ओलीत टाकून देऊ नका. पुसून, कोरड्या जागी ठेवा.

घाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला आपले दार सापडो. दारात बसलेल्या प्रत्येकाचे वाट पाहणे सफळ होवो. ज्यांच्या दाराला कुलूप आहे, त्यांच्यासाठी कोणीतरी उंबऱ्यावर बसो. सर्वांचे कल्याण असो.